मावशीचे बोल कुणी लिहायचे

अंताकाका,

तुझं तेराव्याचं कार्य आटपलं आणि पुढच्याच रविवारी नमन मंडळाची पोरं माझ्या रत्नागिरीच्या घरी येऊन बसली. चहा झाला, चिवडा झाला, रेल्वे किती लेट होती यावर बोलून झालं, तरी विषयाला कुणी हात घालेना. शेवटी तुझ्या संजूनेच तोंड उघडलं.

"ताई, औंदा शिमग्याच्या नमनात मावशी मी करनार. गावकी म्हनते, मान आपल्या घरात हाय, तो घरातच ऱ्हायला पायजे. देवाचं काम हाय, सुतकाच्या वर्सातबी चालतं."

"कर की. तुझ्याशिवाय कोण करणार?"

"करतो. पन बोलू काय? बाबांनी एक ओळ लिवून ठेवलेली नाय. मावशीचे बोल तू लिवून दे."

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. वग हवा तर लिहून देते, तो मी इतकी वर्षं लिहितेच आहे, पण मावशीचं मला जमणार नाही. संजू खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला, अगदी तुझ्यासारखा. तू असतास तर म्हणाला असतास, "नाय म्हनायला जीभ बरी चालते तुजी." जाताना पोरं एवढंच म्हणाली की शिमगा जवळ आलाय, बघ.

आता तूच सांग, मावशीचे बोल कुणी लिहायचे असतात का? गवळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्या पुढे त्यांची म्होरकी मावशी, आणि वाट अडवायला कृष्ण. वगाच्या आधीचा खेळ एवढाच. पण आपल्या गावाला तो बघायचा असायचा तो तुझ्यासाठी. मला कळायला लागल्यापासून मावशी म्हणजे तू. वर्षभर वाढवलेली मिशी तू उतरवलीस की लोक म्हणायचे, चला, शिमगा आला. काकीने धुऊन, घड्या मारून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसून तू पुढे यायचास आणि त्या वर्षात गावात जे जे झालं त्याचा हिशेब सगळ्यांसमोर व्हायचा. सरपंचांच्या गळक्या टाकीपासून मुंबईहून गॉगल लावून आलेल्या जावयापर्यंत तू कुणाला सोडलं नाहीस. आणि ज्याचं नाव घेतलं नाहीस तो वर्षभर रुसून बसायचा.

यातलं काहीही कागदावर नव्हतं. सगळं तुझ्या डोक्यात, आणि तेही उभं राहिल्यावर सुचायचं. मग ते मी कुठून आणू?

खरं सांगायचं तर नाही म्हणण्यामागे एवढंच कारण नव्हतं. तू गेल्यापासून मी काही लिहिलेलंच नाही. शाळेच्या ऑफिसात पत्रं लिहिते, दाखले लिहिते, पण घरी येऊन कागद पुढे ओढला की तीच जुनी भीती मांडी ठोकून समोर बसते. मला वाटलं होतं ती कधीच गेली. ती गेली नव्हती, काका. तू होतास म्हणून ती बाहेर थांबली होती.

ती भीती कुठली ते तुला माहीत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात उभी राहून मी "मला"ऐवजी "मना" म्हणाले आणि मागचे दोन बाक हसले. तेव्हापासून मी तोंडाला इस्त्री करून बोलायला लागले आणि लिहायला लागले ते तर स्टार्च घालूनच. कथा लिहायच्या, दिवाळी अंकांना पाठवायच्या, साभार परत आल्या की कुणाला दिसू नयेत म्हणून लपवायच्या. लपवायची जागाही छान शोधली होती. मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता, त्याच्या पेटवणात त्या जायच्या.

आणि नेमका तू डोळे तपासायला रत्नागिरीला आलास. सकाळी पंचा खांद्यावर टाकून पाणी तापवायला गेलास तो बराच वेळ धूरच दिसेना. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बघायला आले, तर तू बंबाशेजारी उकिडवा बसून, डोळे बारीक करून, ओळीवरून बोट फिरवत वाचत होतास.

"पाणी तापलं?" मी विचारलं.

"नाय. ह्या म्हातारीच्या दाराशी कोन आला गो?"

"पुढची पानं काल जळली."

"मंग तू सांग."

मी सांगितली. पडवीत उभ्या उभ्या, हाताला पीठ, आत भाकरी करपल्याचा वास. सांगताना इस्त्री करायचं भान राहिलं नाही. तू एका ठिकाणी खो खो हसलास आणि शेवटी पंच्याने डोळे पुसलेस. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे तेव्हाचं नक्की काही सांगता येत नाही.

"मना सांगतलंस ती गोष्ट येगळी," तू म्हणालास. "ह्या कागदावरची म्हातारी शाळा तपासनीसासारकी बोलते. ही आपल्या वाडीतली न्हवं."

मला तुझा राग आला होता. चौथी शिकलेल्या माणसाने माझ्या मराठीला नावं ठेवावीत म्हणजे काय. पण त्या दिवसापासून बंबात नारळाच्या सोडणांशिवाय काही गेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

पुढच्या वर्षी मंडळाचा जुना वगलेखक डोंबिवलीला कायमचा गेला आणि तू मला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलंस, "वग आमची वैजू लिवनार." मी भांडायला गावी आले. बाईमाणसाने नमनाचा वग लिहिल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलं नव्हतं, आणि मला तर साधी कथा छापून आणता आली नव्हती. तू अंगणात सुपाऱ्या सोलत होतास. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बरं. राजा होवा त्यात. बाकी तुजं तू बग."

मी त्याच म्हातारीला वगात घेतलं. एक राजा राज्य बघायला निघतो, तर घराघराला कुलुपं. सगळी तरणी माणसं परमुलखात गेलेली. एकच दार उघडं असतं, आणि आतली म्हातारी राजाला आपला परत आलेला मुलगा समजून ताट वाढते.

त्यानंतर जे झालं ते गाव अजून विसरलेलं नाही. आपल्या मंडळात कागद हातात घेऊन पाठ करायची पद्धत नाही. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकून तोंडात बसवायचं. राजा करणारे दगडूदादा मुंबईला वॉचमन, त्यांना रजा मिळणार ती शेवटच्या क्षणी. म्हणून मी त्यांचं काम फोनवर वाचून, रेकॉर्ड करून पाठवलं. आवाज कापत होता, त्यामुळे सगळं एका दमात, एका सुरात वाचलं. कंसातल्या सूचनासुद्धा.

दगडूदादा भर मांडवात छाती काढून उभे राहिले आणि गरजले, "प्रधानजी, थोडं थांबून, कपाळाला हात लावून, एकही घर उघडं का दिसत नाही?"

मी बायकांच्या घोळक्यात बसले होते. जमीन दुभंगावी असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पण वगात प्रधानही तूच होतास. तू जागचा हललाही नाहीस.

"थांबलोय म्हाराज," तू म्हणालास. "कपाळावरचा हात आदी काडा, मंग सांगतो."

मांडव हसून लोळला. दगडूदादांना वाटलं आपलं काम रंगतंय, त्यांनी पुढच्याही साऱ्या सूचना ठणकावून सांगितल्या आणि प्रत्येक वेळी तू त्यांना उत्तर दिलंस. दुसऱ्या दिवशी जयगड एसटीचा कंडक्टर मला तिकीट देताना म्हणाला, "ताई, थोडं थांबून उतरा हां." मी ठरवून टाकलं की हे पहिलं आणि शेवटचं.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, लोक माझ्या चुकीला हसले, वग तरला तो तुझ्यामुळे, माझं त्यात काय. तुला चिडलेलं मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं.

"हसले ते माज्यावर. हसवनं माजं काम हाय, ते मी शेनावरबी करीन. पन म्हातारीन राजाला ताट वाडलान तवा मांडवात कोन खोकला तरी काय? त्या टायमाला मी पडद्यामागं इंगेत बिडी वडत होतो. लोक गप झाले म्हनून मी डोकावून बगितलं. त्यांना गप कुनी बसवलान?"

मला ते पटलं नव्हतं. पुढे दर वर्षी वग झाला की मी तुला विचारायचे, खरं सांग, बरा होता का. आणि तू म्हणायचास, मना काय इचारतंस, मी इंगेत होतो.

म्हणून मी लिहीत गेले. वगाने धीर आला आणि कथाही सुटायला लागल्या. पहिली छापून आली तो अंक घेऊन मी तुझ्याकडे धावत आले. तू तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून घेतलास आणि संध्याकाळी निकाल दिलास: "बरी हाय. जरा लांबली." एवढंच. एका शब्दाची स्तुती नाही. रागाने मी त्या दिवशी तुझ्याकडे जेवलेही नाही. काकीने डब्यात घालून दिलेलं सुकटीचं तिखट एसटीत बसून खाल्लं आणि वाटेतच मला दिसलं की ती खरोखरच जरा लांबली होती.

तू नेहमी बरोबर असायचास असं मात्र मी म्हणणार नाही, मेलेल्या माणसाबद्दलही नाही. राजा नसलेला वग मी लिहिला तेव्हा तू माझ्याशी कसा वागलास ते आठव. दोन भाऊ आणि त्यांची सामाईक विहीर, एवढाच तो विषय. तुला तो बघवेना.

"राजा नाय? मंग मुंबैकर पोशाख कुटं घालनार? भाड्यानं आनतात बिचारे, तलवारीसकट."

"लुंगी घालतील. विहिरीवर तलवार कशाला?"

"राजा नाय तो वग म्हंजे मीठ नाय ती आमटी."

"मग नको खाऊस."

तू वगात काम करायचं नाकारलंस. तालमीच्या दिवसांत मी समोरून आले की तू गोठ्यात जायचास. गावात कुजबुज सुरू झाली, अंताने हात काढला म्हणजे यंदाचं काही खरं नाही. मला रात्री झोप लागेना. मी मंडळाला सांगायच्या बेतात होते की जुनाच राजा काढा बाहेर.

आणि नमनाच्या दिवशी गवळणीत तू मावशी होऊन आलास, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालास, "गवळनींनो, पाय उचला. औंदा म्होरं राजा नाय, इहीर हाय. राजाच्या दारात कंदी कुनी पानी दिलान काय तुमाला?" लोक हसले आणि हसता हसताच तयार झाले. विहिरीचा वग त्यांनी शेवटपर्यंत बघितला. सख्खे भाऊ असलेले दोन म्हातारे, बोलत नव्हते एकमेकांशी, ते उठल्यावर एकाच टॉर्चच्या उजेडात घरी गेले. तू मला तेव्हाही म्हणालास, "पन राजा पायजे होता." मी म्हटलं, नव्हता पाहिजे. हेही भांडण तसंच राहिलं, काका. आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

दवाखान्यात तुला भेटायला यायचे तेव्हा दर वेळी ठरवून यायचे की आज सांगायचं. आणि तू मासळी-बाजारातल्या बांगड्यांचा भाव विचारायचास. नर्सबाईंच्या चालीची नक्कल करायचास, नळी लावलेल्या हाताने. मी हसायचे, तुझी उशी सारखी करायचे आणि परत यायचे. सांगायचं होतं ते एवढंच की मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य मी आधी तुझ्या तोंडी घालून बघते. कथेतलं, वगातलं, कुठलंही. तुझ्या तोंडी ते अडखळलं की खोडते. तू मला विचारलं असतंस, लेखिका कशी झालीस, तर माझं उत्तर हे होतं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आपल्याकडे माणसं असं काही बोलत नाहीत, बांगड्यांचं बोलतात.

म्हणूनच संजूला नाही म्हटलं. ज्याच्या तोंडी घालून बघायचं तोच नाही, आणि लिहायचं ते त्याचंच बोलणं.

तरी मी बसले. पोरं गेल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी बसले. तुझे जुने बोल आठवून उतरवून काढले. गॉगलवाला जावई, गळकी टाकी, सगळं. कागदावर ते मेल्यासारखे दिसत होते. टाकी कधीच दुरुस्त झाली आणि जावयाला नातू झाला. तुझी नक्कल करायला गेले की ती नक्कलच व्हायची. मी ते फाडलं. मग मनात आलं, अंताकाका काय बोलायचा ते जाऊ दे. यंदा मावशी पुढे येईल तेव्हा गावाच्या मनात काय असेल? सगळे लुगड्याकडे बघतील आणि सगळ्यांना एकच माणूस दिसेल. त्यावर मावशी गप्प बसेल का? ती कशाला गप्प बसतेय.

मग मी लिहिलं. एका बैठकीत नाही, पण लिहिलं. आणि ज्या दिवशी झालं त्या दिवशी दुपारची एसटी पकडून गावी आले. संजू कामावर होता. काकी पडवीत बसून कुळीथ पाखडत होती. तू गेल्यापासून ती फारसं बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते, नीज म्हटलं की निजते. संजूच्या बायकोने मला आधीच हळूच बजावलं होतं, सासूबाईंसमोर नमनाचा विषय नको.

पण काकीनेच विचारलं. "लिवलंस?"

"लिहिलंय. पण संजूला दाखवीन. तुला आत्ता नको."

"वाच."

मी वाचायला सुरुवात केली. कॉलेजच्या त्या वर्गात उभी होते तशीच उभी होते, फक्त यावेळी समोर दोन बाक नव्हते, एकटी काकी होती, सूप मांडीवर घेऊन. मावशी येते, कमरेवर हात ठेवते, गवळणींना म्हणते:

"काय बगता गो माज्या लुगड्याकडं? तेच हाय. नेसायचं मी आनि धुवायचं माज्या सवतीनं. व्हय गो, सवत हाय मना. तुमाला कवा सांगतलं नाय, लाज वाटत होती. लय गुनाची बाय. शिमग्याचे दीस तो बाप्या माजा, बाकी अख्खं वरीस तिचा, पन कदी भांडली नाय. औंदा तो लबाड दोघींनाबी चुकवून गेला."

मी थांबले. काकीकडे बघायचा धीर होईना. इतक्या वर्षांत तू मांडवात अख्ख्या गावाची नावं घेतलीस, पण पहिल्या रांगेत बसलेल्या काकीचं कधी घेतलं नाहीस. मी ते घेतलं होतं, आणि तिला न विचारता. आता ती उठून आत गेली तर हा कागद पुन्हा कुणाला दाखवायचा नाही आणि लिहायचंही नाही, असं मी त्या क्षणात ठरवूनही टाकलं.

सूप हलायला लागलं. कुळीथ अंगणात सांडले. काकी हसत होती, काका. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत. हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत. संजूची बायको धावत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"ह्ये त्यानं कवा म्हटलं नवतं," काकी म्हणाली.

"नाही. हे मी लिहिलंय."

"म्हाईत हाय मना. त्याला जमलंच नसतं."

वाक्य तुझ्या तोंडी घालून बघायचं राहूनच गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. काकीने सूप बाजूला ठेवलं, पाय लांब केले आणि भिंतीला टेकून बसली, मांडवात बसायची तशी.

"थांबलंस कशाला?" ती म्हणाली. "पुडं वाच."

मी पुढे वाचलं.